१.३ वर विसंबू नकोस

प्रिय सुध्या,

सहा महिने पत्र नाही, ही चूक माझीच. तब्येत ठीक, गुडघा तसाच. आज लिहायला बसलो ते तुझ्या परवाच्या निरोपामुळे. भंगारातली चार फोल्डेड डायपोलची (नळीच्या बंद लांबट कड्यांची) बेस अँटेना चढवलीस आणि १४० पासून १७० मेगाहर्ट्‌झपर्यंत कुठेही एसडब्ल्यूआर (किती पॉवर परत येते त्याचा आकडा, १ म्हणजे काहीच नाही) १.३! दुसऱ्या कुणी पेढे मागितले असते. मला तो आकडा वाचल्यापासून चैन नाही.

अरे, ती अँटेना १५५ साठी घडवलेली. आपला हॅम रेडिओचा बँड १४४ ते १४६. तिने १४५ ला कुरकुर करायलाच हवी. इतक्या रुंद पट्ट्यात ती एवढी गुणी वागते याचा अर्थ पॉवर हवेत जात नाही, वाटेत जिरते आहे. डमी लोड म्हणजे पॉवर नुसती उष्णतेत जिरवणारा रोध, त्याचाही एसडब्ल्यूआर १ च असतो. त्यातून तू मोजलंस खाली, सेटपाशी. तीस मीटर आरजी-२१३ केबलमध्ये १४५ ला अडीच डीबी, म्हणजे जवळजवळ निम्मी पॉवर, जाते. वर ३ असेल तरी खाली १.८ दिसतो. बाकीचं पाणी करतं. दापोलीचे किती पावसाळे त्या हार्नेसने (डायपोल एकत्र जोडणाऱ्या केबलींनी) खाल्ले असतील, कोण जाणे.

तेव्हा ती उतरव. नानाला आणि बंड्याला बोलाव, एकट्याने नको.

मल्टिमीटरने शॉर्ट दिसेल, त्याने घाबरू नकोस. फोल्डेड डायपोल डीसीला शॉर्टच असतो. हार्नेसचे तुकडे सुटे कर. प्रत्येकाचं दुसरं टोक उघडं ठेव आणि नॅनोव्हीएनए या छोट्या मोजणी-यंत्रावर रिटर्न लॉस (परत येताना किती घट झाली ते) बघ. चांगला तुकडा जवळजवळ सगळं परत पाठवतो, रिटर्न लॉस एक डीबीच्या आत. तीन-चार दिसला की केबल मेली. टोकाचं आवरण चाकूने सोल. जाळी तांबूस लखलखीत हवी. काळी असली तर फूटभर मागे काप, परत बघ. तिथेही काळी? मग सगळा हार्नेस फेकून दे, जीव लावू नकोस. केबल पाणी वातीसारखं वर ओढते.

नवा हार्नेस करशीलच, तर १४५ साठीच कर. ७५ ओहमची केबल, पाव तरंगाच्या (तरंगलांबीच्या चौथ्या हिश्श्याच्या) विषम पटीत. घन पॉलिथिनच्या आरजी-५९ मध्ये पाव तरंग ३४.१ सेंमी. दोन डायपोलमधलं अंतर दीड मीटर, त्यात डायपोलला मास्टपासून (खांबापासून) दूर धरणारी दांडी, म्हणून पाव पुरत नाही, पाऊण पुरत नाही. पाच-पाव घ्यावा लागतो, १७०.६ सेंमी. असे सहा तुकडे: चार डायपोलपासून दोन जोड्यांच्या टी पर्यंत (तीन तोंडांच्या जोडापर्यंत), दोन तिथून मुख्य टी पर्यंत. ५० ओहमचे दोन डायपोल अशा तुकड्यांतून जोडले की प्रत्येकी ११२, समांतर ५६. चालतं. जुने तुकडे १५५ चे असल्याने सुमारे अकरा सेंमी आखूड आहेत. पाव तरंगात हीच चूक दोन सेंमीची असते, ती खपते; पाच-पावात अकराची होते, ती खपत नाही. आणि टीव्हीची केबल वापरायची नाही! तिच्या ॲल्युमिनियमच्या जाळीला सोल्डरचा डाग बसत नाही. यावरून तू माझ्याशी आठवडाभर अबोला धरला होतास, पण डाग अजूनही बसत नाही.

डायपोल ९२ सेंमीचे असतील, पाहिजेत ९८ चे. म्हणजे प्रत्येक बाजूला ३ सेंमीहून किंचित जास्त. सरळ भागात नळ्या काप, आत घट्ट बसणारी दहा सेंमी ॲल्युमिनियमची नळी सरकव, दोन्हीकडे साडेतीन सेंमी आत जाऊ दे, स्टेनलेसचे स्क्रू मार. एका डायपोलला चार काप, चारांना सोळा. सांध्यावर अँटिऑक्सिडंट पेस्ट हवीच. खाऱ्या हवेत स्टील ॲल्युमिनियमला खातं, पुढच्या गणपतीपर्यंत सांधा खरखरायला लागेल. आधी एकच डायपोल वाढव, मास्टपासून तेवढ्याच अंतरावर धरून मोज, १४५ ला एसडब्ल्यूआरचा तळ दिसला की मगच बाकीचे काप.

आणि जोडताना चारही डायपोलला केबलचा मधला कंडक्टर एकाच बाजूला, समज वरच्या, जोड. एक उलटा झाला तर क्षितिजाकडचा गेन (त्या दिशेला मिळणारा जोर) जातो आणि एसडब्ल्यूआर गप्प राहतो. म्हणून मला त्या आकड्याचा राग येतो, सुध्या. तो फक्त परत किती आलं ते सांगतो.

दिशेचं तूच ठरव. चारही बाजूंना एकेक वाटलेस तर ६ डीबीडी (साध्या डायपोलपेक्षा ६ डीबी जास्त), गोल. सगळे एका बाजूला ठेवलेस तर ९ च्या आसपास. तुझ्या पश्चिमेला समुद्र, आमची माणसं सगळी घाटावर. मी तर पूर्वेलाच ठेवले असते.

सांध्यांना रबराची टेप ताणून गुंडाळ, वर काळी टेप, आणि प्रत्येक केबल खाली लोंबता वेढा देऊनच वर घे, म्हणजे पाणी तिथून टपकेल. दांडीला खालून भोक असेल ते बुजवू नकोस.

मुक्ताचं कॉलेज लागलं का? वहिनींच्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं, हे बंड्याकडून कळलं, बरं वाटलं. अण्णांच्या वर्षश्राद्धाला येतो, येताना आरजी-५९ अकरा मीटर आणतो, तू तिकडे घेऊ नकोस.

उतरवल्यावर जाळीचा रंग मात्र लगेच कळव.

७३ (म्हणजे आपल्या हॅम भाषेत शुभेच्छा),
तुझा
वश्या