शाळेत होतो म्हणून युद्धात नव्हतो?

मा. संरक्षणमंत्री, भारत सरकार, यांस,
सा. न. वि. वि.

गेल्या सोमवारी पोस्टमनने पेन्शन कार्यालयाचं पाकीट आणून दिलं. बहिरेपणाच्या पेन्शनचा माझा दावा फेटाळलाय. आत दोन ओळी. माझं बहिरेपण सेवेमुळे आलेलं नाही, कारण नेमणूक ‘शांतता क्षेत्रातल्या प्रशिक्षण युनिटमध्ये’ होती. गेल्या वर्षी पणजीतल्या मेळाव्यात याच कार्यालयाच्या साहेबांनी माइकवरून शब्द दिला होता, तीन महिन्यांत प्रकरण निकाली काढतो. मला तो ऐकू आला नाही. शेजारच्याने चहाच्या कागदी कपावर लिहून दाखवला. तो कप मी ठेवलाय.

महोदय, मी हवाई दलात इंजिन फिटर होतो. आमचं प्रशिक्षण युनिट म्हणजे शाळाच, पण खडू-फळ्याची नव्हे. कसलेले वैमानिक तिथे डावपेच शिकायला यायचे आणि लढाई लागली की तीच विमानं, तेच शिक्षक पुढच्या तळावर जायचे. पद्धत जुनी आहे. फेब्रुवारी 1971 मध्ये आदमपूरला अशी शाळा सुरू झाली, तीच आजची ग्वाल्हेरची टॅक्डी, हवाई दलाची डावपेच शिकवणारी संस्था. त्याच डिसेंबरात तिची मिग-21 विमानं रात्री शत्रूच्या धावपट्ट्यांवर गेली. राजस्थानात लोंगेवालाला पाकिस्तानी रणगाडे फोडणारी हंटर विमानंही जामनगरच्या प्रशिक्षण युनिटचीच होती. त्या रणगाडेवाल्यांना कुणी सांगायला हवं होतं, बाबांनो, ही नुसती शिकवणी चालू आहे!

1999 च्या उन्हाळ्यात, कारगिलच्या वेळी, मीही पुढच्या तळावर होतो. रात्री इंजिन चालू ठेवून गळती शोधायची. हात पाईपवर, टॉर्च दातांत. कानावरचं आवाज अडवणारं डिफेंडर बाजूला केल्याशिवाय साहेबांचं बोलणं कळायचं नाही, म्हणून ते अर्धा वेळ मानेवरच असायचं. जेटजवळ आवाज 120 डेसिबल म्हणतात, कुणी 140 म्हणतं. मोजायला कोण बसलं होतं? कानात शिट्टी सुरू झाली ती आजतागायत वाजतेय. आता पेडण्यात घरावरून मोपाचं विमान जातं तेव्हा नात आभाळाकडे बोट करते. मग मी वर बघतो.

पुण्याला वैद्यकीय मंडळासमोर तीनदा गेलो. पत्रं एकवीस लिहिली, कदाचित बावीस असतील. एका बाबूने विचारलं, ‘घरी टीव्ही मोठ्याने लावता का?’ हो साहेब, आता लावतो.

राग एका कागदाचा नाही. फ्लाय-पास्टला टाळ्या वाजवताना सगळे लढवय्ये, पेन्शनच्या टेबलावर आले की कुणी शांतता क्षेत्रातला, कुणी प्रशिक्षणातला. आमच्या गोव्यात 19 डिसेंबरला, मुक्तिदिनी, शाल-श्रीफळ मिळतं, 20 तारखेला तेच पुढारी ओळख दाखवत नाहीत. आता चार वर्षांचे अग्निवीर येतायत. त्यांच्या गुडघ्यांची, कानांची कुठल्या रकान्यात नोंद करणार?

डिस्चार्ज बुक, पुढच्या तळाच्या हुकमाची प्रत आणि ऑडिओग्राम (कानाच्या तपासणीचा अहवाल) जोडतोय. मंडळ पुन्हा बसवा, एवढीच मागणी. आणि कृपा करून उत्तर फोनवर देऊ नका.

आपला,
एक निवृत्त एअरमन, पेडणे