रॅमच्या जाहिरातीत स्पीडसोबत लेटन्सीही छापावी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

सणासुदीच्या तोंडावर आपल्या दैनिकात संगणक विक्रेत्यांच्या जाहिराती येतात. त्यांत रॅमची, म्हणजे काम चालू असताना डेटा धरून ठेवणाऱ्या मेमरीची, क्षमता आणि तिचा स्पीड ठळक अक्षरांत असतो. मात्र त्या स्पीडला अर्थ देणारा दुसरा आकडा, म्हणजे कॅस लेटन्सी किंवा सीएल, तिथे नसतो आणि राजारामपुरी-शाहूपुरीतल्या दुकानांत हाती मिळणाऱ्या कोटेशनवरही क्वचितच आढळतो. गुळाच्या सौद्यात नुसती रव्यांची संख्या सांगून प्रत न सांगणारा अडत्या कोल्हापुरात चार दिवस टिकणार नाही. रॅमच्या बाबतीत मात्र आपण हे निमूटपणे चालवून घेतो.

मेमरीला वाचनाची आज्ञा मिळाल्यापासून तिच्यातून पहिला डेटा बाहेर पडेपर्यंत घड्याळाचे जेवढे ठोके जातात, तो सीएलचा आकडा होय. स्पीड वाढला की ठोका लहान होतो, त्यामुळे एकटा सीएल पाहूनही निर्णय करता येत नाही. सीएलला २००० ने गुणून स्पीडने भागले, की खरा विलंब नॅनोसेकंदांत मिळतो. डीडीआर४ ही रॅमची जुनी पिढी आणि डीडीआर५ ही नवी; त्यांपुढचा पहिला आकडा स्पीडचा. डीडीआर४ ३२०० सीएल १६ आणि डीडीआर५ ६००० सीएल ३० या दोन्हींचा विलंब बरोबर १० नॅनोसेकंद येतो, तर अनेक तयार संगणकांत आढळणाऱ्या डीडीआर५ ५६०० सीएल ४६ चा सुमारे १६.४ येतो. म्हणजे नव्या पिढीची म्हणून घेतलेली रॅम पहिल्या प्रतिसादात जुन्या, पण चांगल्या रॅमच्या मागे राहू शकते, जरी एका चॅनेलमधून, म्हणजे मेमरी आणि प्रोसेसरमधल्या एका वाटेतून, सेकंदाला जाणारा डेटा २५.६ जीबीवरून ४४.८ जीबीवर गेलेला असला तरी. (सूत्रात २००० का, तर ६००० हा आकडा मेगाहर्ट्झचा नसून सेकंदाला होणाऱ्या दशलक्ष ट्रान्स्फरचा आहे आणि घड्याळ त्याच्या निम्म्याने, म्हणजे ३००० मेगाहर्ट्झने चालते. सीपीयू-झेड या संगणकाची माहिती दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये ३००० पाहून दुकानदाराशी भांडायला निघालेल्या ग्राहकांनी हे ध्यानात घ्यावे.)

व्हिडिओ एक्स्पोर्ट करणाऱ्या स्टुडिओला आणि स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड न घेणाऱ्या विद्यार्थ्याला डेटाची रुंद वाट हवी असते, तेव्हा त्यांनी स्पीडकडे आणि त्याहून आधी दोन स्टिक दोन चॅनेलमध्ये बसवल्या आहेत ना, याकडे पाहावे. ज्या गेममध्ये ग्राफिक्स कार्डाऐवजी प्रोसेसरच कमी पडतो, तिथे विलंबाचा फरक जाणवतो. नुसती बिले करणाऱ्या दुकानाने या भानगडीत पडूच नये.

स्पीडचा आकडा मोठा म्हणजे संगणक वेगवान, हे समीकरण एएमडी कंपनीच्या रायझन ७००० या प्रोसेसर मालिकेत तर उघडच फसते. ६००० च्या आसपास मेमरी आणि प्रोसेसरमधला, मेमरीशी देवाणघेवाण सांभाळणारा मेमरी कंट्रोलर एकाच गतीने चालतात; साधारण ६४०० च्या पुढे गेल्यावर कंट्रोलर बहुधा निम्म्या गतीवर उतरवावा लागतो, विलंब वाढतो आणि जास्त पैसे मोजून घेतलेली ७२०० ची रॅम अनेक कामांत ६००० सीएल ३० च्या मागे पडते. याच मालिकेत दोन स्टिकसाठी कंपनीने ५२०० चा अधिकृत स्पीड दिला आहे, पण चार स्टिक बसवल्यास तो ३६०० वर येतो. त्यामुळे ‘पुढे आणखी दोन टाकू’ हा आपल्याकडचा लाडका सल्ला इथे महागात पडतो.

सर्वांत खटकणारी गोष्ट अशी की, उत्तम रॅम विकूनही बायोसमधले (संगणकाच्या मूळ सेटिंगमधले) एक्सएमपी किंवा एक्स्पो प्रोफाइल, म्हणजे रॅमला छापील स्पीडने चालवणारी सेटिंग, चालू न करताच संगणक ग्राहकाच्या हवाली केला जातो. मग ६००० सीएल ३० ची रॅम मूळ मानकाप्रमाणे बहुतेक वेळा ४८०० सीएल ४० वर चालत राहते आणि १० नॅनोसेकंदांचे पैसे देणाऱ्याच्या पदरी १६.७ पडतात. हे प्रोफाइल म्हणजे ओव्हरक्लॉकिंगच (अधिकृत मर्यादेपेक्षा जास्त गतीने चालवणे), हा दुकानदारांचा आक्षेप खरा आहे आणि वॉरंटीचा प्रश्नही त्यांनी आधीच सांगावा; परंतु त्यावर उपाय प्रोफाइल बंद ठेवणे हा नसून, ते चालू करून मेमटेस्ट८६ हा मेमरी तपासणारा प्रोग्रॅम रात्रभर चालवणे हा आहे. ती चाचणी न करता सीएलसारखे टायमिंगचे आकडे हाताने कमी करत नेणाऱ्या हौशी मुलांनाही हेच सांगणे आहे, कारण मेमरीतली चूक दर वेळी संगणक बंद पाडून दिसत नाही. कधी ती शिरोलीतल्या एखाद्या फाउंड्रीच्या ड्रॉइंग फाइलमध्ये गुपचूप शिरते आणि बॅकअपमध्येही उतरते.

तरी जिल्ह्यातील संगणक विक्रेत्यांनी कोटेशनवर आणि जाहिरातीत रॅमचा स्पीड, सीएल आणि स्टिकची संख्या एकत्र लिहावी, संगणक देताना प्रोफाइल चालू आहे की नाही याची नोंद बिलावर करावी आणि आपल्या दैनिकानेही जाहिराती स्वीकारताना या तपशिलाचा आग्रह धरावा, ही विनंती.

आपला,
एक वाचक, कोल्हापूर