पर्वतीच्या पायऱ्यांवर भेटलेल्या काकांना

आदरणीय काका,
सादर नमस्कार.

आपले नाव विचारायचे राहून गेले, म्हणून हे पत्र असे जाहीरपणे लिहीत आहे.

गुडघ्यांच्या दुखण्यामुळे पुण्याची पर्वती टेकडी चढणे माझ्या आईने सोडून दिले होते. देवदेवेश्वराच्या दर्शनाच्या ओढीने ती त्या सकाळी आली खरी, पण १०३ पायऱ्यांपैकी थोड्याच चढून झाल्यावर तिला धाप लागली. आपण आपली नेहमीची चाल मोडून तिच्याजवळ थांबलात आणि "परत जा" असे न म्हणता चढायचे कसे, हे तिला शिकवलेत. पायऱ्या रुंद आहेत, तेव्हा सरळ वर न जाता तिरके, नागमोडी चढावे; पाऊल पूर्ण टेकवावे; बोलता येईल इतकाच वेग ठेवावा आणि दम लागण्याची वाट न पाहता त्याआधीच थांबावे. चढण्यापेक्षा उतरताना गुडघ्यांवर अधिक भार येतो, म्हणून परतताना पावले आखूड टाकावीत, असेही आपण बजावलेत. हे सारे आपण तिच्यासोबत, तिच्या गतीने चढत सांगितलेत, याचे मोल मला सल्ल्याहूनही अधिक वाटते.

वाटेत आपण तिला काशीबाईंची कथा ऐकवलीत. त्यांच्या पायाची व्याधी येथील देवीच्या नवसाने बरी झाली आणि म्हणून त्यांचे पुत्र नानासाहेब पेशव्यांनी हे देऊळ बांधले, असे परंपरेने सांगितले जाते. पाय दुखणाऱ्या माउलीला याहून समर्पक गोष्ट कोणती सांगणार? मंदिरप्रवेशासाठी दलित बांधवांना १९२९ मध्ये याच टेकडीवर सत्याग्रह करावा लागला, हेही आपण आवर्जून सांगितलेत. पर्वतीचा इतिहास सांगताना हा भाग पुष्कळदा गाळला जातो. आपण तो गाळला नाहीत, याबद्दल मला आपला विशेष आदर वाटतो.

वर पोहोचल्यावर आपण सिंहगडाची दिशा दाखवलीत आणि आम्ही दर्शन घेऊन येईपर्यंत निघूनही गेलात. आई आता सवडीप्रमाणे पर्वतीवर जाते, आपण शिकवल्याप्रमाणेच चढते आणि कोणी दमलेले दिसले की त्यालाही तिरके चढायला सांगते. तिच्या वतीने आणि माझ्या वतीने आपले मनःपूर्वक आभार. पुन्हा भेट झाल्यास आईला आपल्याला घरी चहाला बोलवायचे आहे. कृपया नाही म्हणू नये.

आपला कृतज्ञ,
एक पुणेकर