हे कोण म्हणतंय?

आदरणीय मॅडम,

ग्रंथालय बंद व्हायला अर्धा तास उरला होता. धर्म-अभ्यासाचा निबंध दुसऱ्या दिवशी द्यायचा होता आणि मी तुमच्याकडे आले ती फक्त संदर्भसूचीतले स्वल्पविराम तपासून घ्यायला. तुम्ही सूचीकडे पाहिलंच नाहीत. पेन्सिल उचललीत आणि पहिल्या परिच्छेदातल्या एकेका वाक्याखाली टेकवत विचारत गेलात, "हे कोण म्हणतंय?" चौथ्या वाक्याला मी गप्प झाले. ते फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल दरखाईमचं, सरांनी वर्गात सांगितलेलं, की माझं, हे मलाच सांगता येईना.

मग आला १९९५चा घोळ. 'दरखाईम, १९९५' असा संदर्भ देऊन मी त्याला अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ क्लिफर्ड गीर्ट्झच्या धर्मावरच्या १९६६च्या निबंधाला उत्तर द्यायला लावलं होतं. अख्खं पान त्यावर उभं होतं. तुम्ही न रागावता दरखाईमच्या धर्मावरच्या पुस्तकाची सुरुवातीची पानं उघडून दाखवलीत. मूळ फ्रेंच ग्रंथ १९१२चा; १९९५ हे कॅरन फील्ड्स यांच्या इंग्रजी अनुवादाचं साल. दरखाईमचा मृत्यू तर १९१७ सालचा! तेव्हा कळलं, की संदर्भात मूळ साल आणि अनुवादाचं साल दोन्ही का लिहायचं.

पण सगळ्यात मोठं ऋण पुढचं आहे. आम्हाला वाचायला दिलेल्या उताऱ्यात दरखाईमची धर्माची व्याख्या तेवढी होती. तेवढ्यावर मी ठोकून दिलं होतं, की देव न मानणाऱ्या धर्मांचा त्याने विचारच केला नाही. तुम्ही उठून पूर्ण ग्रंथ आणलात, व्याख्येच्या आधीची पानं माझ्यापुढे ठेवलीत आणि म्हणालात, "वाच, मी थांबते." त्या पानांवर तो स्वतःच बौद्ध धर्माचं उदाहरण घेऊन सांगत होता, की देवाच्या कल्पनेवर धर्माची व्याख्या बेतता येत नाही. खाली तळटीपांत बौद्ध धर्माच्या अभ्यासकांचे दाखले. ज्या माणसाला मी दोष देत होते, त्याने माझा आक्षेप माझ्याआधीच मांडला होता, आणि कोणाच्या आधारे मांडला तेही लिहून ठेवलं होतं.

जाता जाता ऋग्वेदातल्या नासदीय सूक्ताचा पान क्रमांक खोडून तिथे १०.१२९ लिहायला लावलंत. मंडल आणि सूक्त दिलं, की वाचणाऱ्याच्या हातात कुठलीही प्रत असो, जागा सापडते. बायबलला अध्याय-वचन आणि कुराणाला सूरा-आयत, तेही तसंच.

त्या रात्री मी गीर्ट्झचं पान काढून टाकलं. सरांचं वाक्य सरांच्या नावावर, व्याख्यानाच्या तारखेसह लिहिलं. बौद्ध धर्मावरचा परिच्छेद मात्र नव्याने लिहिला, आणि त्याचं श्रेय तुम्ही माझ्यासाठी थांबलात त्या वेळेचं आहे. संदर्भसूचीत हे लिहायला जागा नव्हती, म्हणून इथे लिहिते आहे.

तुमची,
एक विद्यार्थिनी