शाईचे आकडे आणि पेन्सिलचे आकडे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नाशिक महापालिकेचे अंदाजपत्रक सादर झाले की दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर एकच आकडा ठळक असतो, यंदा किती कोटींचे. गेल्या वर्षीपेक्षा किती वाढले, घरपट्टी वाढणार की नाही, एवढ्यावर आपलीही चर्चा संपते. माझा प्रश्न वेगळा आहे. त्या कोटींपैकी किती रुपये नक्की तिजोरीत येणार आहेत आणि किती मंत्रालयातून येतील या भरवशावर मांडले आहेत? एकेका खात्याच्या तरतुदीचा आढावा घेताना आधी हे विचारले जावे, म्हणून हे पत्र.

मी एका अनुदानित शाळेच्या कार्यालयात तीसेक वर्षे हिशेब सांभाळले. शाळेचे नाव घेण्याचे कारण नाही. आमचे जुने हेडक्लार्क जमेची बाजू दोन तऱ्हेने लिहीत. फी, हॉलचे भाडे, ठेवीवरचे व्याज शाईने. वेतनेतर अनुदान पेन्सिलने. ट्रेझरीतून बिल पास होऊन रक्कम बँकेत जमा झाली की मगच पेन्सिलवर शाई फिरवायची. ते निवृत्त झाले आणि पुढच्याच वर्षी अनुदान ‘याच महिन्यात निघतंय’ अशा निरोपावर प्रयोगशाळेची टेबले करायला दिली गेली. मार्चअखेर उलटला, अनुदान आले नाही. टेबले करणारा सुतार दर सोमवारी येऊन कार्यालयाबाहेरच्या बाकावर बसायचा. भांडायचा नाही. टोपी काढून मांडीवर ठेवायचा आणि शाळा सुटेपर्यंत बसून राहायचा. मला त्या दाराने जाणे नकोसे व्हायचे.

त्याला थोडे थोडे पैसे देण्यासाठी आम्ही काय कापले? पगाराला हात लावता येत नव्हता, वीजबिल थांबवता येत नव्हते. उरले ते फिनेल, झाडू, नळदुरुस्ती आणि पाण्याची टाकी धुण्याचे पैसे. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा प्रयोगशाळेत कोरी टेबले होती आणि मुले घरून पाणी आणत होती.

महापालिकेचा पसारा आमच्या शाळेच्या कितीतरी पट मोठा आहे, पण पैसा अडला की कात्री कुठे चालते ते सगळीकडे सारखेच असते.

जकात होती तेव्हा रोजचा पैसा रोज जमा व्हायचा. 2013 मध्ये जकात जाऊन एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था कर आला. ऑगस्ट 2015 पासून 50 कोटींच्या आत उलाढाल असलेल्यांचा एलबीटी माफ झाला आणि 1 जुलै 2017 ला जीएसटी आल्यावर उरलेलाही गेला. तेव्हापासून राज्याकडून दरमहा येणारी भरपाई हाच शहराचा मुख्य आधार आहे. 2016-17 हे वर्ष पायाभूत धरून दरसाल 8 टक्के वाढीने ती द्यायची, हे 2017 च्या कायद्यातच लिहिलेले आहे. त्यामुळे सरकारचा सगळाच पैसा बेभरवशाचा, असे मी म्हणणार नाही. ही भरपाई शाईने लिहावी. मात्र नाशिकची बाजारपेठ कितीही फुगली तरी वाढ ठरल्याएवढीच मिळणार, हेही ध्यानात ठेवावे लागते.

खरेदीखतावरचा एक टक्का अधिभार थोडा निराळा. तो आपण नोंदणीच्या वेळीच भरतो, पण आधी राज्याच्या तिजोरीत जातो आणि तिथून शहराकडे येतो. हक्काचा खरा, पण कधी येईल ते आपल्या हातात नाही.

खरी पेन्सिल आहे ती विशेष अनुदाने आणि योजनांतल्या हिश्श्यांची. राज्याच्या 2025-26 च्या अर्थसंकल्पात महसुली तूट 45 हजार 891 कोटी रुपये दाखवली होती. त्याच वर्षी सरकारी कामांची बिले थकल्याने राज्यभरचे ठेकेदार आंदोलनाला उतरले. राज्यालाच ओढाताण होत असताना शहरांच्या अनुदानात हात आखडता घेतला जाईल, हे समजायला अर्थतज्ज्ञ असावे लागत नाही. केंद्राचा वाटाही पूर्वीसारखा नाही. जेएनएनयूआरएम या केंद्राच्या जुन्या नागरी योजनेच्या काळात आपल्यासारख्या शहराला केंद्राचे 50, राज्याचे 20 आणि महापालिकेचे 30 टक्के असे सूत्र होते. अमृत 2.0 या नंतरच्या पाणी-मलनिस्सारण योजनेत दहा लाखांवरच्या शहरांसाठी केंद्राने आपला वाटा 25 टक्केच ठेवला. 2011 च्या जनगणनेतच नाशिक 14 लाख 86 हजारांचे होते, म्हणजे आपण याच गटात. बाकीचा भार राज्यावर आणि शहरावर. राज्याने उशीर केला तर काम अर्धवट सोडता येत नाही म्हणून महापालिका स्वतःच्या पैशातून ते ओढते, आणि तो पैसा दुसऱ्या कुठल्या तरी खात्यातून काढलेला असतो.

वेळेचाही मेळ बसत नाही. महापालिकेचे अंदाजपत्रक साधारण फेब्रुवारीत तयार होते आणि राज्याचा अर्थसंकल्प मार्चमध्ये येतो. राज्य काय देणार हे कळण्याआधीच शहराने ते गृहीत धरलेले असते.

म्हणून खातेनिहाय आढावा हवा. पण सगळ्या खात्यांना सरसकट दहा टक्के कात्री लावणे म्हणजे आढावा नव्हे. पाणीपुरवठ्याचेच घ्या. गंगापूर आणि मुकणे धरणातून पाणी उचलायचे तर पंपाची वीज लागते. ते बिल कमी होत नाही. मग कात्री लागते ती व्हॉल्व्ह आणि गळतीच्या दुरुस्तीला. गळती वाढली की तेवढेच पाणी घरी पोचवायला पंप जास्त चालवावे लागतात, वीजबिल आणखी चढते. बचतीच्या नावाखाली खर्च वाढवून ठेवला जातो. आरोग्य विभागातही तेच. डॉक्टरांचे पगार राहतात आणि औषधखरेदी ‘पुढच्या तिमाहीत’ जाते. मलेरिया विभागाची धूरफवारणी पावसाळ्यात पंधरा दिवस लांबली तर डेंग्यूचे डास वाट पाहत नाहीत. पावसाळ्यापूर्वीची नालेसफाई मे महिन्यातच व्हावी लागते, त्यासाठीचे पैसे ऑगस्टमध्ये मोकळे करून उपयोग नाही. या लेखाशीर्षांसाठी कुणी मोर्चा काढत नाही, म्हणून त्यांना आधी वाचवले पाहिजे.

सिटीलिंक या महापालिकेच्या शहर बससेवेबद्दलही सांगतो. जुलै 2021 मध्ये बस सुरू झाली तेव्हापासून ती तोट्यात असल्याच्या बातम्या येतात. ठेकेदाराला धावलेल्या किलोमीटरप्रमाणे पैसे द्यावे लागतात, बस भरो वा न भरो. पण अंबड-सातपूरच्या कारखान्यांत पाळीला जाणारा कामगार आणि खेड्यावरून कॉलेजला येणारी मुलगी तिच्यावरच अवलंबून आहे. तोटा लपवू नका, मार्गनिहाय मांडा. कोणता मार्ग का चालवायचा हे ठरवून त्याचे पैसे शाईच्या रकान्यातून काढा. बसचा तोटा राज्य कधीतरी भरून देईल या आशेवर ती चालवू नका.

आणि आता सिंहस्थ कुंभमेळा. 31 ऑक्टोबर 2026 ला ध्वजारोहण आणि 2 ऑगस्ट 2027 ला पहिले अमृतस्नान. शहरात जी कामे चालली आहेत ती व्हायलाच हवीत. माझ्या लहानपणापासून मी रामकुंडावरच्या पर्वण्या पाहत आलो आहे आणि ते आपल्या शहराचे भाग्य समजतो. माझी काळजी मेळ्यानंतरची आहे. राज्य आणि केंद्र पैसा देतात तो बांधायला. रस्ता, पूल, घाट, मलनिस्सारण केंद्र एकदा उभे राहिले की त्याचे दिवे, झाडलोट, पंप, गाळ काढणे हे पुढे वर्षानुवर्षे महापालिकेच्या महसुली खर्चात येते. तपोवन आणि आगरटाकळीची मलनिस्सारण केंद्रे रोज नीट चालली नाहीत तर गोदावरीत काय जाते ते नदीकाठी राहणाऱ्यांना नाकानेच कळते. मलनिस्सारण केंद्राची क्षमता वाढवायला निधी मिळेलही, पण ते रोज चालवायला लागणारे पैसे कोणत्या खात्यात, कोणत्या वर्षापासून धरले आहेत? प्रत्येक नव्या बांधकामाच्या फाइलला पुढच्या दहा वर्षांच्या देखभालीचा आकडा जोडावा आणि तो अंदाजपत्रकात छापावा.

मार्च 2022 पासून जवळपास चार वर्षे महापालिकेत लोकनियुक्त सभागृहच नव्हते. त्या काळात स्थायी समितीत एखाद्या तरतुदीवर उभे राहून जाब विचारणारे कुणी नव्हते. आताच्या 122 नगरसेवकांना माझी विनंती आहे की त्यांनी प्रभागातले काम बसवून घेण्यापुरते अंदाजपत्रक उघडू नये. खातेप्रमुखांना तीन गोष्टी लेखी मागाव्यात. तुमच्या खात्यात या वर्षी नक्की मिळणारा पैसा किती, वाटेवरचा किती, आणि मागच्या वर्षांचे दायित्व, म्हणजे काम झालेले पण बिल न दिलेले, किती? आणि वाटेवरचा पैसा आला नाही तर कोणते काम थांबेल, त्या कामाचे नाव आजच लिहून ठेवा. ते नाव आधी ठरलेले नसले की मग औषधे आणि नालेसफाई थांबते.

आपल्या बाजूनेही एक आहे. शाईचे आकडे वाढवणे काही अंशी आपल्या हाती आहे. एप्रिलमध्ये घरपट्टी आगाऊ भरून सवलत घेणाऱ्यांच्या रांगेत मी दरवर्षी असतो. पुढे-मागे बहुतेक पेन्शनर असतात. पिशवीत गेल्या वर्षीची पावती, चष्म्याचे घर, पाण्याची बाटली. यंदा माझ्या पुढच्या आजींनी पावती घेऊन खिडकीतल्या मुलाला विचारले, “बाळा, हे पैसे आमच्या गल्लीच्या दिव्याला लागतात ना?” त्याने हसून मान हलवली. एकीकडे थकबाकीदारांसाठी पुन्हा पुन्हा शास्तीमाफीच्या योजना येतात, आणि वेळेवर भरणाऱ्या या आजींना त्यांचा पैसा कोणत्या खात्यात गेला हे सांगणारा साधा कागदही मिळत नाही.

खातेनिहाय जमा-खर्च दर तीन महिन्यांनी नाशिक पूर्व, पश्चिम, पंचवटी, नाशिकरोड, सातपूर आणि सिडको या सहाही विभागीय कार्यालयांच्या फलकावर मराठीत लावावा. त्यात राज्याकडून मागितलेली रक्कम आणि प्रत्यक्ष आलेली रक्कम शेजारी शेजारी असावी. पहिला तक्ता सप्टेंबरअखेरचा लावावा, म्हणजे ध्वजारोहणाआधी तो लोकांना वाचता येईल.

आपला नियमित वाचक,
एक निवृत्त लेखनिक,
इंदिरानगर, नाशिक