जागृती डॉक्टरांमध्येही हवी

प्रतिजैविकांना (अँटिबायोटिक्सना) दाद न देणाऱ्या जिवाणूंवरील आपला अग्रलेख वाचला. इशारा रास्त आहे. पण प्रतिजैविकांच्या अतिवापराचा सारा दोष त्यात रुग्णांच्या माथी मारला आहे, ते पटले नाही. सर्दी-खोकला बहुतेक वेळा विषाणूंमुळे होतो आणि विषाणूंवर प्रतिजैविके चालत नाहीत, हे डॉक्टरांना ठाऊक असते. तरीही कफ पिवळा झाला की चिठ्ठीवर अ‍ॅझिथ्रोमायसिन हे प्रतिजैविक येते. वास्तविक केवळ कफाच्या रंगावरून जिवाणूसंसर्ग ठरत नाही! २०१९ मध्ये प्रतिरोधक जिवाणूंमुळे जगभरात सुमारे १२ लाख ७० हजार मृत्यू थेट ओढवले, असा अंदाज आहे. प्रतिजैविक नेमके कशासाठी दिले, हे चिठ्ठीवर लिहिणे डॉक्टरांना बंधनकारक करावे. आणि रुग्णाने ते विचारले, तर त्याला उद्धट समजू नये.