गावच्या डॉक्टरांनी माहिती द्यावी, होकार घेऊ नये

मा. संपादक,
स. न. वि. वि.

औषधांच्या ट्रायलसाठी, म्हणजे माणसांवर घेतल्या जाणाऱ्या चाचण्यांसाठी, पेशंट मिळत नाहीत, तेव्हा फॅमिली डॉक्टरांमार्फत ते मिळवावेत, अशा आशयाचा लेख आपल्या रविवारच्या अंकात वाचला. मी अमळनेरची निवृत्त शिक्षिका. एका खासगी रुग्णालयाच्या एथिक्स कमिटीवर, म्हणजे ट्रायलमधल्या माणसांचे हक्क आणि सुरक्षितता जपली जाते ना हे बघणाऱ्या समितीवर, आहे. या कमिटीत डॉक्टरांखेरीज एक सर्वसामान्य माणूस असावाच लागतो, ती जागा माझ्याकडे आहे. म्हणून हे पत्र.

लेखातली अर्धी गोष्ट मला मनापासून पटते. शुगर-बीपीच्या गोळ्या आज पारोळा-धरणगावच्या खेड्यांतही घरोघरी आहेत, पण ट्रायल होतात त्या बहुतेक मोठ्या शहरांतल्या मोठ्या दवाखान्यांत. दिवसभर उन्हात कापूस वेचणाऱ्या, दुपारची भाकरी कधी चार वाजता खाणाऱ्या बाईला तीच गोळी कशी मानवते, हे कोणी बघायचं? कोरोनाच्या काळात, 2020 साली, ब्रिटनमध्ये ऑक्सफर्डच्या मंडळींनी ‘प्रिन्सिपल’ नावाची ट्रायल फॅमिली डॉक्टरांच्या मदतीने चालवली. वयस्कर माणसं घरीच राहिली, औषधं घरपोच गेली. घरी उपचार घेणाऱ्यांना ॲझिथ्रोमायसिन किंवा डॉक्सिसायक्लिन या अँटिबायोटिक्सनी काही विशेष फायदा होत नाही, हे त्यातून कळलं. त्या दिवसांत आपल्याकडे मेडिकलवरून ॲझिथ्रोमायसिनच्या पट्ट्या कशा जात होत्या, ते वाचकांना आठवत असेल. असे प्रश्न मोठ्या हॉस्पिटलात बसून सुटत नाहीत, हे मान्यच.

पण मागच्या हिवाळ्यात कमिटीच्या वतीने एका ट्रायलमधल्या लोकांना भेटायला पारोळा तालुक्यातल्या एका गावी गेले होते. एका मावशींनी पत्र्याच्या पेटीतून कॅरीबॅग काढली. रेशनकार्ड, बँकेचं पासबुक आणि त्यांच्यामध्ये चार पदरी घडी घातलेलं संमतीपत्र. चांगलं जाडजूड. पहिल्या आणि शेवटच्या पानावर बोटांचे डाग, मधली पानं करकरीत. हा कागद कशाचा, म्हणून विचारलं. ‘डॉक्टरसाहेबनी दिधा. त्या सांगतस ना, मंग बस. आमले काय समजस?’

अंगठा होता, साक्षीदाराची सही होती, प्रत त्यांना मिळालेली होती. कागदोपत्री बोट ठेवायला जागा नव्हती. आणि मावशींना हे नवं औषध आहे, ते नाकारता येतं, मध्येच सोडता येतं आणि सोडलं तरी नेहमीचे उपचार बंद होत नाहीत, यातलं काहीही माहीत नव्हतं.

त्यांचे डॉक्टर वाईट नाहीत. रात्री दोनला दार वाजवलं तर उठतात, कापूस विकला जाईपर्यंत बिलासाठी थांबतात. नेमकं म्हणूनच त्यांच्यासमोर ‘नाही’ म्हणायला जीभ उचलत नाही.

ट्रायलसाठीच्या केंद्र सरकारच्या 2019 च्या नियमांत बरंच काही चांगलं आहे. ट्रायलमुळे इजा झाली तर मोफत उपचार आणि भरपाई, निरक्षर माणसासाठी त्रयस्थ साक्षीदार, नव्या रेणूची, म्हणजे अगदी नव्या रसायनाच्या औषधाची, ट्रायल असेल तर दुर्बल घटकांतल्या माणसाची संमती घेताना व्हिडिओ चित्रण. हे सुखासुखी मिळालेलं नाही. आपल्या शिरपूर-धुळ्याकडची माणसं मोठ्या दुखण्याला आग्रा रोडने ज्या इंदूरला जातात, तिथे पेशंटना नीट न सांगता ट्रायलमध्ये घेतल्याच्या तक्रारी झाल्या. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, तेव्हा कुठे 2013 मध्ये संमतीच्या चित्रणाचा आदेश निघाला. पण कॅमेरा सुरू होतो तो ट्रायलच्या केंद्रावर. मावशींचा निर्णय त्याच्या आधीच, गावातल्या दवाखान्याच्या बाकावर होऊन गेलेला असतो.

त्यात पैसा आला की विषयच संपला. पेशंट पाठवल्याबद्दल कमिशन घेणं हे डॉक्टरांसाठीच्या 2002 च्या आचारसंहितेनुसार गैरवर्तन आहे. तेच पैसे ‘सल्ला फी’ म्हणून दिले तर चालतात का? आमच्या कमिटीत मी हा प्रश्न काढला तेव्हा विषय पुढच्या बैठकीवर गेला. माझी मागणी साधी आहे. पाठवणाऱ्या डॉक्टरला दर माणशी पैसे मिळता कामा नयेत, आणि त्याच्या वेळेचा काही मोबदला ठरला असेल तर ती रक्कम पेशंटच्या माहितीपत्रकात मोठ्या अक्षरांत छापावी.

गावच्या डॉक्टरांनी पत्रक द्यावं आणि ‘घरी वाचून घ्या, पोराला, सुनेला विचारा’ असं सांगून पाठवावं. होकार तिथे घेऊच नये. तो नंतर दुसऱ्याच माणसाने घ्यावा, पेशंटच्या बोलीत बोलू शकणाऱ्या. अक्कलकुवा-धडगावच्या आदिवासी भागात बोलीच वेगळी, तिथे तर मराठीतलं पत्रक वाचून दाखवूनही भागत नाही. डॉक्टरांनी पेशंटच्या बाजूने बसावं. आणि ट्रायलवाल्यांनी त्या डॉक्टरांना एक चिठ्ठी न चुकता द्यावी: कोणतं औषध असू शकतं, त्रास झाला तर रात्री फोन कोणाला करायचा. मावशींना चक्कर आली तर त्या जळगावला नव्हे, आधी या गावच्या डॉक्टरांकडेच जाणार आहेत. केंद्रावर तपासणीला जाण्यात एक रोज बुडतो, एसटीचं भाडं लागतं. तेही हातात पडलं पाहिजे, ‘नंतर बघू’ नको.

वाचकांना एक विनंती. घरात कोणाला ट्रायलबद्दल विचारलं गेलं तर तिचा सीटीआरआय क्रमांक, म्हणजे देशातल्या ट्रायलच्या सरकारी नोंदवहीतला क्रमांक, मागून घ्या. 2009 पासून ही नोंदणी सक्तीची आहे आणि ती इंटरनेटवर कोणालाही फुकट बघता येते. कॉलेजात जाणाऱ्या पोरांनी आजी-आजोबांसाठी एवढं करावं. संमतीपत्रावर एथिक्स कमिटीचा फोन नंबर असतो, तो लावा. तिकडे फोन उचलणं आमचं काम आहे.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, अमळनेर